संकटकाळची मदत आणि आपल्या पेटीतले कागद



करपा, तुडतुडे, खत, बियाणे यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज पिकाची गोष्ट बाजूला ठेवू. आज बोलायचे आहे ते तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या कागदांविषयी. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि असला तर वनपट्टा. संकटाच्या वेळी सरकारची मदत येते ती याच कागदांच्या वाटेने. वाट मोकळी असली तर पैसा खात्यात पडतो. वाटेत काटा असला तर पैसा तिथेच अडतो.

२०२० सालचा मार्च महिना आठवा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. आपल्याकडे तो राब भाजायचा हंगाम. वाडीत चिकू तयार, जव्हार-विक्रमगडकडे मोगरा फुललेला. पण मोगरा घ्यायला दादरचा फुलबाजार उघडा नव्हता. केळवे-माहीमचे पान न्यायला रेल्वे नव्हती. घोलवड-डहाणूचा चिकू झाडाखाली पडून राहिला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले बरेचसे कारखाने थांबले. पालघर तालुक्यात पुष्कळ घरांचा एक पाय शेतात तर एक पाय बोईसरच्या कारखान्यात असतो. त्या दिवसांत दोन्ही पाय एकदमच अडकले.

तेव्हा काय मिळाले?

२६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्याशी थेट संबंध असलेल्या चार गोष्टी होत्या.

पहिली, किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच देण्याचे ठरले. देशातल्या सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांसाठी ही घोषणा होती. दुसरी, जनधन खाते असलेल्या महिलांना एप्रिल ते जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये. तिसरी, रेशनकार्डावरील प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो धान्य फुकट आणि घरटी १ किलो डाळ. चौथी, रोजगार हमीच्या मजुरीत वाढ. आपल्या राज्यात ही मजुरी दिवसाला २०६ रुपयांवरून २३८ रुपये झाली.

इथे एक गैरसमज काढून टाकू. एप्रिलमध्ये आलेले २,००० रुपये जादा नव्हते. सन्मान निधी वर्षाला ६,००० रुपयांचा, २,००० चे तीन हप्ते. त्यातलाच एप्रिल ते जुलैचा हप्ता लवकर दिला गेला. पुढचा हप्ता ९ ऑगस्ट २०२० रोजी सुटला. मधल्या काळात "करोनाचे पैसे संपले का हो?" असे विचारणारे पुष्कळ भेटले. ते करोनाचे पैसे नव्हतेच. तुमच्या नेहमीच्या हक्काचेच होते, फक्त वेळेआधी आले होते.

दोन हजार म्हणजे फार मोठी रक्कम नाही. पण बाजार बंद, मजुरी बंद अशा दिवसांत त्यातून भाताचे बियाणे आणि युरियाच्या दोन गोणी येत होत्या. पेरणी उधारीवर करायची की रोखीने, एवढा फरक त्या पैशाने पडत होता.

माझ्या हातची चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती मला सोपी जात नाही.

२०१९ च्या पावसाळ्याआधी मनोरकडच्या एका पाड्यावर सन्मान निधीची नोंदणी चालू होती. शाळेच्या ओट्यावर बसून मी अर्ज लिहून घेत होतो. गर्दी मोठी. सातबारा हातात घ्यायचा, नाव उतरवायचे, पुढचा माणूस बोलवायचा, असा धडाका लावला होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे नाव मी सातबाऱ्यावर होते तसेच उतरवले. आधार कार्डावर तेच नाव थोडे वेगळे होते. मी पाहिले नाही. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी अंगठा उठवला आणि ते घरी गेले.

टाळेबंदीत ते मला पाड्याच्या वाटेवर भेटले. म्हणाले, "साहेब, शेजाऱ्याचं आलं, भावाचं आलं. माझंच काय चुकलं?" घरी येऊन यादी काढली तेव्हा कळले की त्यांचे काहीच चुकले नव्हते, चुकले होते माझे. कार्यालये अर्ध्या माणसांवर चालत होती. नाव दुरुस्त होऊन पैसा सुटायला दिवाळी उलटली. मागचे हप्ते तेव्हा एकदमच जमा झाले. पण त्याआधी आवणीच्या वेळी त्यांनी एका व्यापाऱ्याकडून भात उचलले होते, मणाला दीड मणाच्या बोलीने. ते भात खळ्यावरूनच गेले. सरकारचा पैसा बुडाला नाही, पण उशिरा आला, आणि त्या उशिराचे व्याज त्यांनी भरले.

तेव्हापासून मी अर्ज लिहिताना आधार, सातबारा आणि बँकेचे पुस्तक ही तिन्ही समोर उघडून ठेवतो. तुम्हीही हेच करा. आज घरी बसून करा. पुढचे संकट दारात येईल तेव्हा फार उशीर झालेला असेल. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे?

पहिला कागद : सातबारा

सन्मान निधी जमिनीच्या मालकाला मिळतो. कुळाने, खंडाने किंवा अर्धेलीने कसणाऱ्याला या योजनेतून पैसे मिळत नाहीत. ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच मिळतात. यासाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरलेली आहे. त्या दिवशी जमीन नावावर हवी. त्यानंतर वारसाने आलेल्या जमिनीला मात्र सूट आहे.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच येते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, बापही गेला, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबाच. जमीन कसतो नातू, पण कागदावर नातू कुठेच नाही. असे असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. २०२५ साली राज्याने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली ती याच कामासाठी. त्या वेळी तुमचे राहून गेले असेल तर नेहमीच्या पद्धतीने अर्ज करता येतो. अर्जाची पोच घ्या. फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून नाव स्वतः वाचून घ्या, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

सामाईक सातबाऱ्यावर चार भाऊ असले तर चारही घरे स्वतंत्रपणे पात्र ठरू शकतात. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. एका कुटुंबातून एकालाच पैसे मिळतात, नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळे मिळत नाहीत.

भगिनींनो, हे तुम्ही विशेष ऐका. करोनात कितीतरी घरांतले कर्ते पुरुष गेले. माणूस गेला की त्याच्या नावचा हप्ता घेत राहणे चूक आहे, नंतर तो परत मागितला जातो. आधी वारस नोंद करून जमीन आपल्या नावावर घ्या, मग आपल्या नावाने नवी नोंदणी करा. करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह मदत देण्याचा राज्याचा निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाला. तिथेही पहिला प्रश्न मृत्यूच्या दाखल्याचाच आला. दुःखाच्या दिवसांत कागद सुचत नाही, हे खरे. म्हणून हे काम दीर-भावाने पुढे होऊन करावे.

दुसरा कागद : आधार कार्ड

सातबाऱ्यावर "लहान्या", आधारवर "लहानु" आणि बँकेत इंग्रजी अक्षरांत तिसरेच काही. गावात माणूस एकच असतो, पण यंत्राला ही तीन माणसे वाटतात. तिन्ही ठिकाणची नावे एकमेकांशेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहा. बापाचे नाव आणि आडनाव यांतही हाच घोळ असतो. सन्मान निधीचे पैसे आधारवरच्या नावाने येतात. म्हणून योजनेतले नाव आधारप्रमाणे करून घ्या. आधारवरचेच नाव चुकले असेल तर आधी ते आधार केंद्रात दुरुस्त करा.

यानंतर येते ई-केवायसी. म्हणजे हा लाभार्थी खरा आहे आणि हयात आहे याची आधारवरून खात्री. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर मोबाइलवर आलेल्या आकड्याने ती होते. नसेल तर सेवा केंद्रात बोटांचे ठसे देऊन होते. विळा-कोयता चालवून बोटांच्या रेषा पुसल्या असतील, यंत्र ठसा घेत नसेल, तर निराश होऊ नका. २०२३ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही ही खात्री करता येते. गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा कृषी कर्मचाऱ्याला सांगा, ते करून देतील.

२०२५ पासून आपल्या राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही मागितला जातो. तुमची जमीन आणि तुमचे आधार यांची गाठ मारणारा हा क्रमांक आहे. काढला नसेल तर सेवा केंद्रात काढून घ्या. निरनिराळ्या गावी जमिनीचे तुकडे असतील तर सगळे गट त्यात आले आहेत ना, हे पाहा.

तिसरा कागद : बँकेचे पुस्तक

बँकेकडून दोन गोष्टी विचारून घ्या. माझे खाते चालू आहे का? आणि त्याला आधार जोडलेले आहे का?

खात्यात फार दिवस देवघेव झाली नाही तर ते निष्क्रिय होते. मग पैसा आला तरी हाती येत नाही. काही बँका दुसऱ्या बँकांत मिळून गेल्या आहेत. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली आणि तिचे शाखांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. तुमचे पुस्तक जुन्या बँकेचे असेल तर ते बदलून घ्या आणि नवा कोड सगळ्या अर्जांत लावून घ्या.

बोईसरच्या आसपास आणखी एक प्रकार वरचेवर दिसतो. पोरगा कारखान्यात लागतो. पगारासाठी ठेकेदार त्याचे दुसऱ्या बँकेत खाते उघडून देतो. अंगठा लागतो, आधार जोडले जाते, आणि पोराच्या ते ध्यानातही राहत नाही. आधारवरून पाठवलेला पैसा शेवटी आधार जोडलेल्या खात्यात जातो. इकडे बाप गावच्या बँकेत खेपा घालतो, "पोराचा हप्ता बंद झाला" म्हणतो, आणि तिकडे पगाराच्या जुन्या खात्यात पैसे साचत असतात. हप्ता आला नाही असे वाटले तर तक्रार करण्याआधी, आधार शेवटी कोणत्या बँकेला जोडले ते विचारा. हवे ते खाते निवडून तिथे आधार जोडायचा अर्ज देता येतो.

हा पैसा कोणी घेऊ नये?

हे स्पष्टच सांगितले पाहिजे. जमीन नावावर आहे म्हणून सगळेच पात्र ठरत नाहीत. ज्याने मागच्या वर्षी प्राप्तिकर भरला तो पात्र नाही. केंद्र-राज्य सरकारचे आणि सरकारी उपक्रमांचे कर्मचारी पात्र नाहीत, त्यातून चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी वगळले आहेत. महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे पात्र नाहीत, इथेही चतुर्थ श्रेणीला सूट आहे. डॉक्टर, वकील, इंजिनीअर असे नोंदणी झालेले व्यावसायिकही पात्र नाहीत.

तारापूर पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी आहे. खासगी कारखान्यात काम करतो एवढ्याने कोणी अपात्र ठरत नाही. त्याला प्राप्तिकर भरावा लागतो का, हे पाहायचे. लागत असेल तर स्वतःहून नाव काढून घ्या. २०२० साली महाराष्ट्रात प्राप्तिकर भरणाऱ्या लाभार्थ्यांच्या याद्या निघाल्या आणि तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा गेल्या. घरातली भाकरी मोडून हप्ते परत करायची वेळ कोणावर येऊ नये.

पात्र असणाऱ्यांनी मात्र मागे राहू नये. २०२३ पासून राज्याचा नमो शेतकरी महासन्मान निधीही आहे, त्याचेही वर्षाला ६,००० रुपये. सन्मान निधीचा जो लाभार्थी, तोच याचाही. म्हणजे एका कागदाची चूक आता वर्षाला १२,००० रुपयांना पडते.

वनपट्टा आणि खावटी

डोंगरपट्ट्यातल्या बांधवांना खावटी हा शब्द नवा नाही. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज मिळत असे. २०१३-१४ नंतर ते बंद पडले. करोनाच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, राज्याने ही योजना एका वर्षासाठी पुन्हा आणली, आणि या वेळी कर्ज म्हणून नव्हे तर अनुदान म्हणून. आदिवासी कुटुंबाला ४,००० रुपये : २,००० खात्यात आणि २,००० चे डाळ, कडधान्य, तेल, मीठ-मिरची असे जिन्नस. राज्यातली ११ लाख ५५ हजार कुटुंबे त्यासाठी धरली होती.

कोण धरले होते ते पाहा. रोजगार हमीवर वर्षभरात निदान एक दिवस काम केलेले मजूर, कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींची सगळी कुटुंबे, पारधी कुटुंबे, विधवा, परित्यक्ता, भूमिहीन अशी गरजू घरे आणि वैयक्तिक वनहक्क मिळालेले. म्हणजे रोजगार हमीच्या हजेरीपटावरचा एक दिवसही कामाला आला. वनपट्ट्याचा कागद कामाला आला. पण पुष्कळांच्या हातात ही मदत पडायला २०२१ साल उजाडले. खावटी पावसाळ्यासाठी असते, आणि तो पावसाळा तर निघून गेला होता. हा उशीर सरकारी बाजूचा, तो झाकायचे कारण नाही. मात्र ज्यांचे जातीचे दाखले नव्हते, खाती नव्हती, त्यांच्यासाठी तो उशीर आणखी लांबला.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांना एक सांगणे आहे. घर सोडताना कागद पाड्यावरच्या झोपडीत ठेवू नका, मालकाकडेही गहाण ठेवू नका. बरोबर न्या किंवा विश्वासाच्या नातलगाकडे ठेवा. दाखल्यांसाठी डहाणू किंवा जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारणा करा. वनपट्टा पावसाने भिजतो, उंदीर खातात, म्हणून त्याच्या दोन झेरॉक्स काढून वेगवेगळ्या जागी ठेवा.

वादळाचाही हाच धडा

हे फक्त साथीपुरते नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. चिकू-आंब्याच्या वाड्यांत झाडे मोडली. पंचनामा करताना पहिला प्रश्न असतो : सातबाऱ्यावर काय पीक आहे? वाडीत चिकूची झाडे आणि सातबाऱ्यावर पड, असे असले तर बोलणे खुंटते. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आहे. शेतकरी स्वतः मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद करू शकतो. दर हंगामात मुदतीत करा. फळझाडांची नोंदही राहू देऊ नका.

फसवणुकीपासून जपा

मदतीचा पैसा आला की त्याच्यामागे चोरही येतात. "किसान योजनेचा हप्ता अडला आहे, हे ॲप उतरवून घ्या," असा निरोप मोबाइलवर आला तर त्याला हात लावू नका. मोबाइलवर आलेला आकडा कोणालाही, साहेब म्हणवणाऱ्यालाही, सांगू नका. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. सन्मान निधीच्या चौकशीसाठी १५५२६१ आणि शेतीच्या कोणत्याही शंकेसाठी १८००-१८०-१५५१ हे क्रमांक आहेत. सेवा केंद्रात पैसे दिले तर पावती मागा.

थोडक्यात, या महिन्यात करायची कामे

१. सातबारा, आधार आणि बँकेचे पुस्तक शेजारी ठेवून नावे ताडून पाहा.
२. सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या.
३. बँकेत जाऊन खाते चालू आहे का आणि आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, ते विचारा.
४. ई-केवायसी आणि शेतकरी ओळख क्रमांक पुरे करा.
५. पीक पाहणी मुदतीत नोंदवा.
६. पात्र नसाल तर नाव काढून घ्या.
७. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते घरच्या बाईमाणसाला ठाऊक असू द्या.

आणि शेवटची विनंती. तुमच्या पाड्यावर ज्याला वाचता येत नाही अशा एका तरी म्हाताऱ्या माणसाचे कागद तुम्ही स्वतः वाचून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. मी तो अर्धा तास एकदा वाचवायला गेलो आणि दुसऱ्याचे भात खळ्यावरून गेले. तुमच्या गावात तसे होऊ नये, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे.